पिकअपला मॅन्युअल की ऑटोमॅटिक: आधी ताशी सहा किलोमीटरखालचा हिशेब करा

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात घर डिचोलीला, कुळागर (नारळ-सुपारीची बाग) सत्तरीत. नारळ, सुपारी, केळीचे घड, खताची पोती असा तीन-चारशे किलोंपर्यंतचा माल. महिन्यातून एक-दोनदा चोर्ला घाटातून बेळगाव, मधूनमधून रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर. गाडी घरचे दोघे आणि कामावरचा एक ड्रायव्हर चालवणार. फॉर बाय फॉर (चारही चाकांना ओढ देता येणारी) पिकअप घ्यायची ठरली आहे, नवी किंवा दोन-तीन वर्षे वापरलेली. मेस्त्री म्हणतो मॅन्युअलच घ्या. ऑटोमॅटिक घाटात तापते, पाण्यात गेली की बसते आणि बिघडली तर खर्च झेपत नाही.

उत्तर आधीच देऊन टाकतो: या कामाला ऑटोमॅटिक, पण गियरबॉक्सच्या ऑइलचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरून. मेस्त्रीच्या तिन्ही हरकती हवेतल्या नाहीत. त्यांतली घाटाची हरकत मात्र नेमकी उलटी आहे, आणि निवड बरीचशी तिथेच ठरते.

हा प्रश्न आपल्याकडे मोजक्याच गाड्यांपुरता आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या मासळी बाजारात माल उतरवणाऱ्या बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त यांना पाच गियरचा मॅन्युअल गियरबॉक्सच येतो. चिरे (बांधकामाचे जांभे दगड) वाहायचे असतील तर त्याच गाड्या घ्याव्यात. एक चिरा 25 ते 30 किलो भरतो, पन्नास चिऱ्यांत सव्वा ते दीड टन होतात, आणि तो भार घरगुती नोंदणीच्या पिकअपचा नव्हेच. मॅन्युअल की ऑटोमॅटिक हा खरा पेच टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस या दोघींपुरता. दोन्हींत सहा गियरचा मॅन्युअल आणि सहा गियरचा ऑटोमॅटिक मिळतो. कुठलीही घेतलीत तरी आरसी बुकातले एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन यांतला फरक पाहून घ्या; माणसे धरून तेवढाच भार कायद्याने चालतो. हौदा मोठा दिसतो म्हणून भरत जाऊ नका.

ऑटोमॅटिक नाजूक हा समज कुठून आला ते कळते. वीस वर्षांपूर्वीच्या चार गियरच्या बॉक्सबद्दल तो खराही होता. आज कंपन्या काय करतात ते पाहा. हायलक्समध्ये एकच 2.8 लिटरचे, 204 पीएसचे डिझेल इंजिन दोन्ही प्रकारांत आहे, पण मॅन्युअलबरोबर ते 420 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते आणि ऑटोमॅटिकबरोबर 500. जोर ज्याला सोसतो त्याच्याकडेच तो दिलेला आहे. व्ही-क्रॉसच्या 1.9 लिटर, 163 पीएस इंजिनाचा टॉर्क दोन्हींत 360 न्यूटन मीटरच आहे. अमेरिकेत अवजड ट्रेलर ओढणाऱ्या रॅम पिकअपमध्ये मॅन्युअलचे शेवटचे वर्ष 2018; त्या वर्षीही मॅन्युअल घेणाऱ्याला त्याच कमिन्स इंजिनाचा टॉर्क ऑटोमॅटिकपेक्षा बराच कमी मिळत होता.

आता मूळ मुद्दा. गियरबॉक्स कुठलाही असो, गाडी अगदी हळू सरकत असताना इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग जुळत नाही. हा फरक कुठेतरी घसरून भरून काढावा लागतो, आणि जिथे घसरते तिथे उष्णता होते. मॅन्युअलमध्ये ती क्लच प्लेटवर होते. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे ऑइलातून जोर पुढे देणारा भाग; तिथे ती ऑइलात होते.

आकडे घालून पाहू. पहिल्या गियरचे गुणोत्तर 4.3, डिफरन्शियलचे 4.1 असे धरले तर इंजिनाच्या सुमारे साडेसतरा फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. चाकाचा घेर 2.4 मीटर धरा. आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिनाचा वेग, 750 आरपीएम असेल तर क्लच पूर्ण सोडून गाडी ताशी सहा किलोमीटरने चालते. हाच तुमच्या गाडीचा तळ. याहून हळू जायचे म्हणजे हाफ क्लच, दुसरा मार्ग नाही. प्रत्येक मॉडेलचे आकडे थोडे वेगळे असतील, तरी उत्तर पाच ते सात किलोमीटरच्या मध्येच येते.

आता भरलेली अडीच टनांची गाडी आठास एक अशा चढावर ताशी तीन किलोमीटरने चढवा, इंजिन 1200 आरपीएमवर ठेवून. क्लचमध्ये सुमारे 830 आरपीएमची घसरण होते आणि तिथे साधारण 7 किलोवॅट उष्णता निघते. न्हाणीघरातले तीन-साडेतीन गीझर एकदम लावावेत एवढी ती आहे, आणि सगळी दोन लोखंडी चकत्यांच्या मध्ये दाबलेल्या प्लेटवर. या उष्णतेला बाहेर जायला वाट नाही. बेलहाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचवरच्या आवरणात, ना ऑइल, ना पंखा. अर्ध्या मिनिटात वास येतो. घर्षणाचा पृष्ठभाग अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे गेला की लायनिंगमधली राळ जळते, प्लेटवर काच चढल्यासारखी चकाकी येते, आणि मग तीच प्लेट थंड असतानाही घसरू लागते. फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या चकतीवर, निळे-काळे डाग पडतात, बारीक तडे जातात, नंतर प्रत्येक वेळी गाडी उचलताना थरथरते.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये त्याच चढावर तेवढीच किंवा जास्तच उष्णता होते. पण ती नऊ-दहा लिटर ऑइलात पसरते, पंप ते ऑइल सतत फिरवतो आणि कूलरमधून ते थंड होऊन परत येते. शिवाय सुरुवातीला कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क जवळजवळ दुप्पट करून देतो. म्हणजे हळू, भरलेल्या, चढावरच्या कामात ऑटोमॅटिकची झीज होत नाही, फक्त ऑइल तापते. मॅन्युअलमध्ये दर वेळी प्लेटचा थोडा थर कायमचा जातो.

म्हणून निवड करण्याआधी स्वतःला विचारायचे ते हे, की आपली गाडी ताशी सहा किलोमीटरच्या खाली किती काम करते. पर्वरीच्या कोंडीत, फेरीच्या रांगेत, कुळागराच्या चिखलवाटेवर, ट्रेलर मागे घेताना. हे रोजचे असेल तर ऑटोमॅटिक. गाडी बहुतेक वेळ राष्ट्रीय महामार्ग 66 वर ताशी सत्तरने चालणार असेल, तर मॅन्युअलच्या क्लचला कोणी हात लावत नाही आणि तो लाख-दीड लाख किलोमीटर सहज जातो. हाफ क्लचवर गाडी खेळवणाऱ्या ड्रायव्हरच्या हातात तोच क्लच तीस-चाळीस हजारांत उतरलेला दिसतो. तिघे जण गाडी चालवणार असतील तर सर्वांत वाईट पाय कोणाचा, त्यावर क्लचचे आयुष्य ठरते.

मॅन्युअलला या त्रासातून सोडवणारी एक गोष्ट फॉर बाय फॉर गाडीत असतेच, आणि ती वापरणारे फार थोडे: लो रेंज. ती सगळे गियर सुमारे अडीचपट खाली आणते. पहिल्या गियरचा ताशी सहाचा तळ अडीचपर्यंत येतो. मग क्लच पूर्ण सोडून, पाय लांब ठेवून, गाडी आयडलवर चढ चढते. बदलण्याची पद्धत: गाडी पूर्ण थांबवा, क्लच पूर्ण दाबा, न्यूट्रल करा, मग फोर लो (चारही चाकांना ओढ, लो रेंजमध्ये) निवडा, दिवा स्थिर झाल्यावरच गियर टाका. ऑटोमॅटिकमध्येही असेच, ब्रेकवर पाय आणि न्यूट्रल. एक अट आहे. या गाड्यांचा फॉर बाय फॉर अर्धवेळचा आहे, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या दरम्यान, त्यांच्या वेगातला फरक सोसणारा डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर फोर हाय (चारही चाकांना ओढ, नेहमीच्या गियरमध्ये) वा फोर लो लावून वळण घेतले की सगळी यंत्रणा पीळ भरल्यासारखी आवळते. स्टिअरिंग जड होते, टायर ओरडतात, ट्रान्सफर केसची साखळी आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस त्यात खलास होतात. ओल्या, निसरड्या किंवा मातीच्या जागीच, आणि शक्यतो सरळ रेषेत.

फेरीचा धक्का ही अशीच जागा. ओहोटीला उताराचा खालचा भाग उघडा पडतो, त्यावर शेवाळ असते, फेरीची फळी त्यावर टेकते आणि तिथे एक पायरी तयार होते. मागच्या चाकांची ओढ असलेली गाडी मागून हलकी असली की तिथे चाक जागच्या जागी फिरते. मॅन्युअलवाला घाबरून 2500 आरपीएमवर क्लच खेळवतो. छोटे टर्बो डिझेल पंधराशेच्या खाली दमदार नसते, त्यामुळे इंजिन बंद पडू नये म्हणून तो रेस देतो आणि क्लच जळतो. फळी चढायच्या आधीच फोर लो लावून पहिल्या गियरमध्ये, क्लच सोडून गाडी जाऊ द्या. ऑटोमॅटिकमध्ये फोर हाय पुरते. ब्रेक सोडून गाडी स्वतः सरकायला लागली की ॲक्सिलरेटर हलका द्या. चढावर थांबायचे असेल तेव्हा ब्रेक वापरा. ॲक्सिलरेटर धरून गाडी तोलून ठेवण्याची सवय ऑटोमॅटिकचे ऑइल तापवण्याचा सर्वांत झटपट उपाय आहे.

फेरीत गाडी उभी करताना किंवा कुठल्याही उतारावर ऑटोमॅटिकचा क्रम पाळा: ब्रेक दाबून ठेवा, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, ब्रेक हलका सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, मग पार्क. उलटे केले तर अडीच टनांचा भार पार्किंगच्या एका लहानशा दात्यावर लटकतो. पार्कमधून काढताना ‘ठक्’ असा आवाज येतो तो त्याचाच.

आता घाट. चोर्ल्याला किंवा अनमोडला ऑटोमॅटिक तापते तेव्हा बहुतेक वेळा चूक लिव्हर डी (ड्राइव्ह) मध्ये सोडून देण्याची असते. ट्रकच्या मागे ताशी तीस-चाळीसने चढताना बॉक्स तिसरा-चौथा-तिसरा असा घोळत राहतो. प्रत्येक बदलाला कन्व्हर्टरचा लॉकअप (इंजिन आणि बॉक्स थेट जोडणारा आतला क्लच) सुटतो, आणि लॉकअप सुटला की घसरण, म्हणजे उष्णता. गियर हाताने धरा. लिव्हर मॅन्युअल बाजूला घेऊन तिसरा लावा, तीव्र वळणांना दुसरा, इंजिन 1800 ते 2500 आरपीएममध्ये राहू द्या. लॉकअप बसला की इंजिन आणि गियरबॉक्स थेट जोडलेले, मॅन्युअलसारखेच; ऑइलचे तापमान आपोआप उतरते. साध्या वापरात ते 80 ते 100 अंशांत असते. सतत 120 च्या वर राहिले तर ऑइल लवकर म्हातारे होते, आणि 150 च्या आसपास सील कडक होऊ लागतात. तापमानाचा दिवा लागला तर सुरक्षित जागी थांबा, पार्क करा आणि इंजिन चालूच ठेवा, हजार-बाराशे आरपीएमवर. इंजिन बंद केले की पंप थांबतो आणि तापलेले ऑइल कन्व्हर्टरमध्येच कोंडून राहते. लोक नेमके हेच करतात, वर बॉनेटवर पाणी ओततात.

उतरताना ज्या गियरने चढलो त्याच गियरने उतरायचे, हा जुना नियम दोन्हींना लागू. ऑटोमॅटिकमध्ये तोही हाताने धरावा लागतो. डी मध्ये बॉक्स वरच्या गियरला पळतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे ड्रायव्हर अजून आहेत. हल्लीची डिझेल इंजिने गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन पूर्ण तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलसाठी डिझेल जळतच राहते. म्हणजे बचत शून्य, ब्रेक मात्र तापलेले. ऑटोमॅटिकमध्ये वेगात न्यूट्रल करून पुन्हा डी टाकला तर आतल्या क्लच पॅकला (गियर धरणाऱ्या चकत्यांच्या संचाला) जो धक्का बसतो तो वेगळाच.

पाण्याचे बघू. पावसात सत्तरीतले व्हाळ (ओढे) रस्त्यावरून वाहतात. पाणी आधी मारते ते इंजिनाला, हवेच्या नळीतून. तिथे गियरबॉक्स कुठला याला अर्थ नाही. हायलक्सला कंपनी 700 मिलिमीटर सांगते. तो आकडा उभ्या पाण्याचा समजा, वाहत्या पाण्याला त्याच्या निम्म्यातही गाडी घालू नये. गियरबॉक्सचे दुखणे वेगळे असते. तासभर चाललेला तापलेला बॉक्स थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा जा-ये होण्याची नळी) किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. मॅन्युअलमध्ये हे पाणी ऑइलात मिसळून ते दुधाळ होते. दोन-चार दिवसांत ऑइल बदलले तर बहुधा निभावते, महिनाभर राहिले तर बेअरिंगला गंज. ऑटोमॅटिकमध्ये क्लच पॅकचे अस्तर कागदासारखे असते आणि गोंदाने चिकटवलेले. पाणी गेले की ते फुगून सुटते. इथे मेस्त्री बरोबर आहे. उपाय स्वस्त आहे: गियरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही ॲक्सल यांच्या ब्रीदर नळ्या बॉनेटखाली उंचावर आल्या आहेत का, तुटल्या-निसटल्या नाहीत ना, हे मे महिन्यात लिफ्टवर पाहून घ्यायचे. पाणी ओलांडायच्या आधी पाच-दहा मिनिटे गाडी थांबवून ठेवली तरी फरक पडतो.

उलट पावसाचे एक दुखणे फक्त मॅन्युअलचे आहे. गाडी तीन-चार आठवडे दारात उभी राहिली, समुद्राची दमट हवा लागली, की प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. क्लच दाबला तरी गियर पडत नाही. लगेच गियरबॉक्स उतरवू नका. इंजिन गरम करा, बंद करा, मोकळ्या सरळ रस्त्यावर दुसरा गियर टाका, क्लच पूर्ण दाबून ठेवून स्टार्ट मारा. गाडी गियरमध्येच चालू पडेल. क्लच दाबलेला ठेवून ॲक्सिलरेटर झटक्याने द्या आणि सोडा. बहुतेक वेळा ‘टक्’ होऊन प्लेट सुटते. पुढे कोणी नाही याची खात्री करूनच. क्लचचे द्रव म्हणजे ब्रेक ऑइलच, ते हवेतला ओलावा ओढते. इथल्या हवेत दोन वर्षांनी बदललेच पाहिजे, नाहीतर घाटात गरम झाल्यावर पेडल ढिले पडते.

बंद पडलेल्या गाडीची गोष्ट. बॅटरी बसली तर मॅन्युअल बहुधा ढकलून चालू होते, ऑटोमॅटिक नाही. जंप केबल गाडीत हवीच. ओढून न्यायची वेळ आली तर मॅन्युअल न्यूट्रलमध्ये, टू-व्हील ड्राइव्हवर, थोडे अंतर हळू नेता येते. ऑटोमॅटिकचा ऑइल पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरती म्हणजे आतले भाग कोरडे. फॉर बाय फॉर ऑटोमॅटिक फ्लॅटबेडवरच चढवायची. तसे शक्य नसेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडवल्याशिवाय दोर लावू देऊ नका. घाटात मदतीला आलेला ट्रकवाला हे ऐकणार नाही, तुम्हालाच आडवे यावे लागेल.

खर्चाचा विषय लोक एका आकड्यात संपवतात, तसा तो नाही. मॅन्युअलचा खर्च ठराविक काळाने येतो आणि कुठल्याही बऱ्या गॅरेजात भागतो. क्लच काढला की प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग एकदमच बदला. मजुरी मुख्यतः गियरबॉक्स उतरवण्याची असते, ती दोनदा का द्यायची? त्याच वेळी क्रँकचा मागचा सील गळतो का पाहा. गळत असेल तर नवी प्लेट सहा महिन्यांत तेलकट होऊन घसरेल. फ्लायव्हीलला डाग-तडे असतील तर फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करणे. शाफ्टच्या खाचांना ग्रीस अगदी बोटाला लागेल एवढेच. जास्त लावले तर ते उडून प्लेटवर जाते आणि गाडी उचलताना थरथर सुरू. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळायचे. काही नव्या डिझेल गाड्यांत ड्युअल-मास (धक्के शोषणारे, दोन भागांचे) फ्लायव्हील असते, ते क्लच सेटपेक्षा महाग पडते. तुमच्या मॉडेलला ते आहे का, हे घेण्याआधीच विचारा.

ऑटोमॅटिकचा खर्च वर्षानुवर्षे येत नाही, आणि दुर्लक्ष केले तर एकदम येतो, क्लच सेटच्या कित्येक पट. त्या बिलामागे बहुतेक वेळा न बदललेले ऑइल असते. ‘आयुष्यभराचे ऑइल’ हे शब्द सपाट रस्त्यावरच्या रिकाम्या गाडीसाठी. घाट आणि भार असेल तर साठ हजार किलोमीटरला बदला. इथे कामाची पद्धत महत्त्वाची आहे, कारण नेहमीच्या गॅरेजात ती चुकते. आधी भरायचा प्लग उघडतो का पाहायचे, मगच गाळायचा प्लग सोडायचा. गाळून बसल्यावर वरचा प्लग गंजून अडकलेला सापडला तर गाडी तिथेच. निघालेले ऑइल मापात धरा. एका वेळी तीन-चार लिटरच निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते; म्हणून तेवढेच भरून हजारभर किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बदलणे हा साधा, सुरक्षित मार्ग. ऑइल त्याच दर्जाचे हवे जो कंपनीने लिहिला आहे. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालते’ असे लिहिलेला डबा नको. पातळी मोजताना गाडी सपाट, इंजिन चालू, लिव्हर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद फिरवून आणलेला, आणि ऑइलचे तापमान कंपनीने दिलेले, बहुधा 35 ते 45 अंशांच्या दरम्यान. बऱ्याच बॉक्सना डिपस्टिक नसते. ओव्हरफ्लो प्लगमधून धार थांबून थेंब पडू लागला की पातळी बरोबर. तापलेल्या गाडीत मोजले तर ऑइल कमी भरले जाते आणि घाटात वळणावर गियर घसरतो. सम्पच्या (बॉक्सच्या तळाच्या ऑइल टाकीच्या) चुंबकावर करडी पेस्ट असणे साधारण आहे, चमकणारे कण किंवा काळे तुकडे नाहीत.

आणखी एक, खास इथले. कूलरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्या क्लॅम्पच्या खाली खाऱ्या हवेने गंजतात, बाहेरून दिसत नाही. वर्षातून एकदा क्लॅम्प उघडून पाहा. खाणपट्ट्यात फिरणाऱ्या गाड्यांच्या कूलरच्या जाळीत लाल धूळ बसून चिखल होतो; ती कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेर धुवायची, प्रेशर गन लावली तर पाती वाकतात.

मायलेजमध्ये फरक आहे, पण त्यावर निर्णय घेण्याएवढा नाही. महामार्गावर लिटरमागे एखादा किलोमीटर.

मॅन्युअल कोणी घ्यावी? गाडी पंधरा वर्षे ठेवायची आहे, गावातला मेस्त्री चांगला आहे, चालवणारा एकच आणि त्याचा पाय शिस्तीचा आहे, त्याने बेलाशक घ्यावी. जिचा सर्व्हिसचा कागद नाही अशी जुनी गाडी घेणाऱ्यानेही मॅन्युअलच. तिथे नुकसान फार तर एका क्लच सेटचे. रानात एकटे, फोनला रेंज नाही अशा जागी रोज जाणाऱ्याला ढकलून चालू होणारी गाडी लागते, त्यालाही मॅन्युअल. तुमच्याकडे तीन चालक, फेरी, चिखल आणि घाट आहे, म्हणून माझे मत वेगळे. मॅन्युअलच घ्यायची ठरली तर निदान ड्रायव्हरला फोर लो शिकवा आणि क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय मोडा.

वापरलेली पाहायला जाल तेव्हा गाडी थंड असताना जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर थांबा, किंवा दुसऱ्या दिवशी या. मॅन्युअल असेल तर: हँडब्रेक ओढून तिसऱ्या गियरमध्ये क्लच सोडा, इंजिन लगेच बंद पडले पाहिजे, घुटमळले तर प्लेट गेली. ताशी पन्नासला पाचव्या गियरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम वर गेला आणि वेग नाही वाढला तर तेच. न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावर आवाज सुरू होतो तो रिलीज बेअरिंगचा. पेडल सोडलेले असताना आवाज आणि दाबल्यावर बंद, तर गियरबॉक्सच्या आतल्या शाफ्टचे बेअरिंग, हे महाग. थंड गाडीत तिसऱ्यावरून दुसरा पटकन टाका. खरखरला तर सिंक्रोनायझर (गियरचे वेग जुळवणारा भाग) झिजला आहे. उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर गियर स्वतः निसटतो का, तेही पाहा.

ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून न्यूट्रलवरून डी टाका आणि सेकंद मोजा. एक ते सव्वा सेकंदात गाडीने धरले पाहिजे, रिव्हर्सला दीड. दोन-तीन सेकंद लागून मग झटका बसला तर आत दाब कमी आहे. तीस ते ऐंशीपर्यंत हलक्या ॲक्सिलरेटरने जा. बदल जाणवले तरी चालतील, पण बदलताना आरपीएम क्षणभर वर उडाला तर क्लच पॅक घसरतो आहे. ताशी साठ-सत्तरच्या स्थिर वेगाला बारीक थरथर, खडबडीत रस्त्यावर असल्यासारखी, ही लॉकअपची. ऑइल बदलून कधी जाते, कधी नाही, त्यामुळे किंमत तशी पाडून घ्या. ऑइलचा नमुना काढायला लावा. लाल किंवा तपकिरी चालेल. काळे आणि करपट वासाचे नको. शेवटी रेडिएटरच्या टाकीचे झाकण उघडा, इंजिन थंड असतानाच. काही गाड्यांत गियरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. तो फुटला की कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळते. टाकीत गुलाबी, साय आल्यासारखा फेस दिसला तर चाचणी पुढे चालवू नका. ती गाडी कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका.